सैनिक छोटा, थेंब मोठा

एक सोपं गणित सोडवा. पावणेदोन मीटर उंचीचा एक धिप्पाड सैनिक आहे. मानेपासून टाचेपर्यंत हिरवं चिलखत घातलेला. त्याला आपण छोटा करत करत 32 मिलिमीटरवर आणला. किती पटीनं छोटा झाला? 1750 भागिले 32, म्हणजे साधारण 55 पट. आलं उत्तर? छान.

आता खरा प्रश्न. सैनिक 55 पट छोटा झाला, पण पाण्याचा थेंब झाला का? रंगाचा थर? धुळीचा कण? खिडकीतून येणारा उजेड? आणि त्याच्याकडे बघणारा तुमचा डोळा?

छे! यातलं कुणीही तसूभरसुद्धा आकसलेलं नाही. म्हणून तर बोटाच्या दीड पेराएवढ्या सैनिकाचं चिलखत हिरवं रंगवायला बसलेल्या माणसाच्या नाकी नऊ येतात. या न आकसलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाशी त्याला वेगळी युक्ती लढवावी लागते. कोणती, ते बघू या.

पण हे सैनिक कुठले?

टेबलावरच्या युद्धखेळातले. यात बुद्धिबळासारखा चौकटींचा पट नसतो. एका मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर आणि थर्मोकोलची पडकी घरं मांडायची, टेपनं अंतर मोजून आपला सैनिक पुढे सरकवायचा, आणि नेम लागला की हुकला ते फासे टाकून ठरवायचं. 'टाइम मशीन' लिहिणारे एच. जी. वेल्स तुम्हाला माहीत असतील. त्यांना खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लावायचा भारी नाद. 1913 साली त्यांनी 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं, खेळाच्या नियमांसकट! पुढे 1983 साली इंग्लंडमध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आला आणि 1987 साली त्याचं अंतराळातलं भावंड, 'वॉरहॅमर 40,000'. त्यात सॅलमँडर्स नावाची एक पलटण आहे. तिची चिलखतं हिरवीगार असतात.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या भागातही हा छंद जडलेली मंडळी आहेत. सैनिक डब्यातून येतात ते राखाडी प्लॅस्टिकचे, आणि तेही सुटे. हात वेगळा, पाय वेगळा, डोकं वेगळं. ते कापून, घासून, चिकटवून उभे करायचे आणि मग रंगवायचे. दिवाळीत द्वारकेच्या नाहीतर मयूर विहारच्या बाल्कनीत किल्ला मांडणाऱ्या मराठी मुलांना यात काही नवल वाटणार नाही. किल्ल्यावरचे मावळे आणि हे सैनिक एकाच जातकुळीचे. फरक इतकाच, की मावळा बाजारातून रंगूनच येतो, आणि इथे रंगवण्यातच निम्मा खेळ असतो.

तर घ्या एक सैनिक हातात. त्याच्या खांद्यावर गोल पत्रा आहे, छातीवर दोन पत्रे एकमेकांना भिडलेत, गुडघ्यावर वाटी आहे. पत्र्यांच्या मधे केसाएवढ्या खाचा आहेत. ब्रश पाणी घातलेल्या रंगात बुडवा.

थेंबाची दादागिरी

ब्रश टेकवला आणि गुडघ्यावर रंगाचा एक टपोरा थेंब बसला. ओघळेना, पसरेना. हट्टी!

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे थेंबाच्या पृष्ठभागावर ताण असतो आणि थेंब स्वतःला गोल करू पाहतो. याला पृष्ठताण म्हणतात. उलट गुरुत्वाकर्षण म्हणतं, चल, सपाट हो. या भांडणात कोण जिंकणार, ते पाणी किती आहे यावर ठरतं. बादलीत गुरुत्वाकर्षण जिंकतं, म्हणून तिथे पाणी सपाट दिसतं. छोट्या थेंबात पृष्ठताण जिंकतो. दोघांच्या मधली सीमारेषा पाण्यासाठी 2.7 मिलिमीटरच्या आसपास येते.

आता हे 2.7 मिलिमीटर सैनिकाच्या मापात आणा. गुणिले 55. उत्तर, जवळजवळ 15 सेंटिमीटर! म्हणजे खऱ्या माणसाच्या गुडघ्यावर वीतभर उंचीचा पाण्याचा गोळा येऊन बसावा आणि तिथून हलूच नये, तशी या बिचाऱ्याची गत. तुमच्याआमच्या अंगावर पाऊस पडला की पाणी वाहून जातं. याच्या अंगावर एक थेंब पडला की तो मुक्कामालाच येतो.

पण अनुभवी रंगारी याच दादाला कामाला लावतो. आधी सगळं चिलखत मधल्या हिरव्या रंगानं रंगवून वाळवायचं. हा झाला 'बेस कोट'. मग गडद हिरवा, जवळजवळ काळपट रंग भरपूर पातळ करून वरून फिरवायचा. याला 'वॉश' म्हणतात. आता बघा गंमत. पातळ रंग पत्र्यांच्या टोकांवर थांबत नाही, तो खाचेकडे धावतो. खाच अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, आणि भिंतींना चिकटायला पाण्याला आवडतं. मग ते खाचेतून आपणहून पुढे पुढे सरकत जातं. झाडाच्या खोडात पाणी वर चढवायला जी केशाकर्षणाची युक्ती मदत करते, तीच ही. बघता बघता छातीवरच्या दोन पत्र्यांमधे एक गडद रेघ उमटते. ब्रशनं ती काढायची म्हटली असती तर हात थरथरला असता. पाण्यानं ती एका दमात काढली.

मात्र वॉश जास्त झाला, की थेंबे थेंबे तळे साचे. गुडघ्याच्या वाटीत रंगाचं डबकं होतं, ते वाळतं, आणि काठाला गडद कडं उरतं. मधे फिकट, कडेला काळं. असं का? थेंबाच्या काठाला पाण्याचा थर सगळ्यात पातळ असतो आणि काठ पृष्ठभागाला चिकटून बसलेला असतो. तिथून पाणी भराभर उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी काठाकडे वाहतं, आणि वाहताना रंगाचे कणही सोबत नेतं. पाणी उडून जातं, कण काठावरच अडकतात. कॉफीच्या डागाला कडं का पडतं याचा हाच उलगडा शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 1997 साली छापला. माणसं शेकडो वर्षं कॉफी सांडत होती, पण त्या डागाला असा शास्त्रशुद्ध जाब विचारायला विसावं शतक संपत आलं!

करून बघा: प्लॅस्टिकच्या झाकणावर कोऱ्या चहाचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या. भिंगातून बघा, कडं दिसेल. शेजारी दुसरा थेंब ठेवा, पण तो अर्धवट वाळल्यावर कोरड्या ब्रशच्या टोकानं उरलेलं पाणी टिपून घ्या. रंगारी नेमकं हेच करतो. वॉश दिल्यावर कोरडा ब्रश घेऊन तो डबकी टिपत बसतो.

चिलखतावर चिलखत

आता थराकडे वळू. समजा, वाळलेल्या रंगाचा एक थर 0.03 मिलिमीटर जाडीचा आहे. अगदी पातळ. हिरवा नीट बसला नाही म्हणून तुम्ही पाच थर दिले. झाले 0.15 मिलिमीटर. सैनिकाच्या मापात किती? आठ मिलिमीटरच्या वर! म्हणजे खऱ्या माणसाच्या चिलखतावर तुम्ही बोटाच्या जाडीचा गिलावा केलात. खाचा बुजल्या, खिळ्यांची डोकी गायब झाली आणि चेहऱ्याचं नाक सपाट झालं.

म्हणून या छंदातला पहिला नियम असा, की रंग दुधाइतका पातळ करा आणि दोन हातांत काम भागवा. पण पातळ केलेला रंग झाकणार कसा? त्यासाठी रंगाच्या पोटात शिरावं लागेल.

ॲक्रिलिक रंगाच्या बाटलीत मुख्य तीन गोष्टी असतात. पाणी, रंगद्रव्याची बारीक पूड आणि प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म गोळ्या. या गोळ्या इतक्या लहान, की एका मिलिमीटरमधे हजारो बसतील. रंग दिला, पाणी उडालं, की गोळ्या एकमेकींना भिडतात, दाबल्या जातात आणि शेवटी एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. रंगद्रव्य त्यात कायमचं अडकतं. म्हणून ओला ॲक्रिलिक पाण्यानं धुतला जातो, पण वाळलेला धुतला जात नाही. शाळेच्या गणवेशावर सांडून वाळलेला असा रंग आईलाही का काढता येत नाही, ते आता कळलं ना?

शाळेत आपण वापरतो ते कॅमलचे रंग ज्या कंपनीचे, तिचा आरंभ 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाई बनवण्यापासून केला. चित्रकलेसाठीच्या ॲक्रिलिकनंही सैनिक रंगवता येतो. पण खास या छंदासाठी बनवलेल्या रंगांत रंगद्रव्य फार बारीक दळलेलं आणि भरपूर असतं, त्यामुळे पातळ केला तरी रंग झाकतो. रंगाआधी सैनिकाला 'प्रायमर'चा हात देतात. तो प्लॅस्टिकला घट्ट धरतो आणि वरच्या रंगाला बसायला खडबडीत जागा देतो. गुळगुळीत प्लॅस्टिकवर थेट रंग दिला तर नखानं सालपटं निघतात.

उजेड फसवतो, डोळा सोडून देतो

खाचा काळ्या झाल्या, पत्रे हिरवे झाले. तरी सैनिक हातभर अंतरावरून बघितला तर मरगळलेलाच दिसतो. नेमकं काय चुकतंय?

खऱ्या चिलखताच्या पत्र्याची कड आठवा. ती ब्लेडसारखी धारदार नसते, किंचित गोलसर असते. समजा, तिची गोलाई दोन मिलिमीटरची आहे. तेवढ्यावर उजेड पडला की चमचमती रेघ दिसते, आणि त्या रेघेमुळेच आपल्याला कळतं की इथे पत्रा संपतो. आता 55 नं भागा. सैनिकाच्या पत्र्याच्या कडेची गोलाई उरली 0.036 मिलिमीटर.

आणि आपला डोळा? चांगली नजर असलेला माणूस अर्ध्या मीटरवरून साधारण 0.15 मिलिमीटरचा तपशील कसाबसा ओळखतो. त्याहून बारीक गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. म्हणजे ती चमकती रेघ तिथे आहे, उजेड बिचारा तिथे पोचतोय, पण डोळा तिला सोडून देतो. त्यात घरातला उजेड चारी बाजूंनी येतो. ट्यूबलाइट, खिडकी, पांढरी भिंत, सगळीकडून. त्यामुळे सावल्याही बोथट होतात.

मग रंगारी काय करतो? उजेड रंगवतो! फिकट हिरवा रंग घेऊन तो पत्र्याच्या प्रत्येक कडेवरून एक बारीक रेघ ओढतो. ब्रशचं टोक वापरत नाही बरं का, ब्रशची बाजू कडेवरून हलकेच घासत नेतो, म्हणजे रेघ आपोआप सरळ येते. याला म्हणतात 'एज हायलाइट'. खरी चमक 0.036 ची, रंगवलेली रेघ 0.2 ची. खरं तर ही लबाडी आहे. पण मोजपट्टीला न पटणारी ही रेघ ओढली, की डोळा म्हणतो, हां, आता पत्रा लोखंडाचा वाटतोय!

दुसरी युक्ती त्याहून सोपी. ब्रशवर फिकट रंग घ्या, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि सैनिकावरून झटका. उंचवट्यांवर रंग लागतो, खाचा कोऱ्या राहतात. हा 'ड्रायब्रश'. तिसरी युक्ती रंग देण्याआधीच करायची. पूर्ण सैनिकावर काळा प्रायमर फवारा, आणि तो वाळला की फक्त वरून पांढरा. जिथे जिथे दुपारचं ऊन पडलं असतं, तिथे तिथे पांढरं. वरून पातळ हिरवा दिला, की उजेड आधीच आत मुरलेला असतो.

फिकट म्हणजे पांढरा घालायचा ना?

थांबा, इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. हिरव्यात पांढरा मिसळला की रंग खडूसारखा पिठूळ होतो. चिलखत कसलं, हॉस्पिटलच्या पडद्याचं कापड वाटतं. अनुभवी हात हिरव्यात पिवळा घालतात.

कारण उजेडातच आहे. उन्हाचा रंग किंचित पिवळसर असतो, आणि ज्या भागावर ऊन पडत नाही तिथे निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून उन्हातला हिरवा पिवळ्याकडे झुकतो, सावलीतला निळ्याकडे. खरं वाटत नसेल तर खाली जाऊन कडुलिंबाची एखादी फांदी निरखून बघा. उन्हातली पानं पोपटी दिसतील, आतली निळसर काळपट. रंगारी तसंच करतो. खाचेतल्या हिरव्यात निळा किंवा तपकिरी, मधे साधा हिरवा, कडेवर पिवळसर हिरवा.

डोळाही पिवळ्याच्या बाजूनं आहे. भरपूर उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटर लांबीच्या लहरींना सगळ्यात तल्लख असतो, आणि तो रंग म्हणजे पोपटीसर हिरवा. म्हणून पोपटीची एक रेघ लांबूनही ओरडून लक्ष वेधते. तिला जास्त बोलू दिलं तर गोंगाट होतो, म्हणून ती फक्त कडेवर.

हिरव्याचा वंशवृक्ष

आता बाटलीवरचं लेबल वाचा. गडद हिरव्या रंगात पुष्कळदा एक रंगद्रव्य असतं, थॅलोसायनिन ग्रीन. नाव अवघड, घराणं मात्र तुमच्या ओळखीचं. या रेणूच्या मधोमध तांब्याचा एक अणू असतो आणि त्याला चार नायट्रोजन अणूंनी वेढलेलं असतं. झाडाच्या पानातल्या हरितद्रव्यातही असंच कडं असतं, फक्त मधे मॅग्नेशियम. तुमच्या रक्तातल्या हीममध्येही असंच कडं, मधे लोह! पान, रक्त आणि खेळण्यातल्या सैनिकाचं चिलखत, तिघांच्या रेणूंचा बांधा एकमेकांना इतका जवळचा.

हे घराणं माणसाच्या हाती अपघातानंच लागलं. 1928 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या एका कारखान्यात भलतंच रसायन बनत होतं. भांड्याचा आतला काचेचा लेप तडकला, लोखंड रसायनात मिसळलं आणि अनाहूत निळा पदार्थ तयार झाला. त्याचा माग काढताना तांब्याचा सुंदर निळा सापडला. मग त्या रेणूवरच्या हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला, आणि निळ्याचा झाला हिरवा. आज भारतात, विशेषतः गुजरातेत, या जातीची रंगद्रव्यं मोठ्या प्रमाणावर बनतात.

याआधीचे हिरवे मात्र फार खट्याळ. 1814 साली युरोपात निघालेला पाचूसारखा हिरवा रंग बघून लोक वेडे झाले. भिंतींचे कागद, कपडे, खेळणी, सगळं त्यानं रंगवलं. त्यात होतं तांबं आणि चक्क आर्सेनिक, म्हणजे सोमल! हौसेपायी किती जण आजारी पडले. आजचे रंग तसे नाहीत, तरी ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालायची सवय लावून घेऊ नका. ओल्या टिश्यूवर फिरवला तरी टोक येतं.

आणि खऱ्या रणगाड्याचा हिरवा? 26 जानेवारीला कर्तव्यपथावर रणगाडे जातात तेव्हा नीट बघा. लष्करी हिरव्याला डोळ्याबरोबर कॅमेऱ्यालाही फसवायचं असतं. झाडाची पानं आपल्याला न दिसणारा अवरक्त उजेड भरपूर परतवतात. त्या उजेडात बघणाऱ्या कॅमेऱ्याला पानं पांढरीशुभ्र दिसतात. साधा हिरवा रंग दिलेला रणगाडा तिथे काळा डाग म्हणून उठून दिसेल आणि लगेच पकडला जाईल. म्हणून लपवणाऱ्या रंगांत क्रोमियम ऑक्साइडसारखी द्रव्यं वापरतात. ती अवरक्त उजेडही पानांसारखाच परतवतात.

दिल्लीची हवा रंगात ढवळाढवळ करते

या छंदाची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली असतात. दिल्लीत ती पुरी पडत नाहीत.

मे-जूनमधे पारा चाळिशीपार आणि बाहेर लू वाहतेय. रंग ब्रशच्या केसांतच वाळतो. फवारणीचा डबा दाबला, तर रंगाचे थेंब सैनिकापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतात आणि चिलखतावर कोरडी पूड बसते. हात फिरवला तर पॉलिश पेपर! मग मंडळी भल्या पहाटे फवारणी उरकतात. रंग मिसळायला 'ओली पॅलेट' करतात. पसरट डबीत ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. कागदातून ओल हळूहळू वर येत राहते आणि रंग बराच वेळ ओला राहतो. घरच्या घरी जमण्यासारखी गोष्ट आहे.

जुलै-ऑगस्टमधे उलट तऱ्हा. हवेत एवढं बाष्प, की फवाऱ्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि चकचकीत हिरव्यावर पांढरट धुरकटपणा येतो. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. तेव्हा ॲक्रिलिकमधल्या त्या चिमुकल्या गोळ्या थंडीनं कडक होतात, एकजीव होईनात, आणि पापुद्रा कच्चा राहतो. म्हणून थंडीत रंगाचं काम उबदार खोलीत करायचं.

बाकी उरली धूळ. राजस्थानाकडून आँधी आली, की बंद खिडकीतूनही धूळ घरात येते. 50 मायक्रॉनचा एक कण ओल्या चिलखतावर बसला, तर सैनिकाच्या मापात तो पावणेतीन मिलिमीटरचा खडा झाला! म्हणून रंगवलेला सैनिक वाळेपर्यंत उपडा डबा टाकून झाकून ठेवतात. फवारणी करायची ती मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन.

जनपथावरचे पाचू

छोट्याशा जागेत रंगांशी चाललेल्या या लढाईतले जुने गडी बघायचे असतील तर जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिथे शस्त्रं-चिलखतांचं दालन आहे आणि लघुचित्रांचंही. हाताच्या पंजाएवढ्या चित्रात फौजा, हत्ती आणि बागा मावलेल्या दिसतील. ती काढणाऱ्यांकडे भिंगाचे दिवे नव्हते की प्लॅस्टिकच्या बाटल्या. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश आणि शिंपल्यात कालवलेला रंग, एवढंच.

हिरव्यासाठी त्यांच्याकडे दोन मुख्य वाटा होत्या. हरताळाच्या पिवळ्यात नीळ मिसळायची, नाहीतर तांब्यावर आंबट चढवून जंगाल काढायचा. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं आणि आजी ओरडते, ते आठवा. तसलाच हिरवा. दिसायला देखणा, पण काही शतकांत खालचा कागद करपवून टाकणारा.

आणि बसोलीच्या चित्रकारांनी तर कमालच केली. बसोली हे आजच्या जम्मू भागातलं गाव. सतराव्या शतकात तिथल्या चित्रकारांना नायिकेच्या गळ्यात पाचू दाखवायचे होते. तांदळाच्या कणीएवढा पाचू कोणत्याही हिरव्यानं रंगवला तरी ठिपकाच दिसणार, चमकणार नाही. त्यांनी हिरव्या चकचकीत भुंगेऱ्याच्या कठीण पंखांचे बारीक तुकडे कापले आणि चित्रात चिकटवले!

या पंखाची लकाकी नुसत्या रंगद्रव्याची नसते. त्यात अतिपातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक पापुद्र्यावरून थोडा उजेड परत येतो. परतणाऱ्या लहरींपैकी हिरव्या लहरी एकमेकींना बळ देतात, बाकीच्या बहुतेक एकमेकींना मारतात. उरतो झगझगीत हिरवा, आणि तोही बघण्याचा कोन बदलला की बदलणारा. पापुद्र्यांची रचना टिकते तोवर ही चमकही टिकते. म्हणून तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचे ते पाचू आजही चकाकतात. दालनात बसोलीचं चित्र दिसलं, तर दागिन्यांसमोर उभे राहा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. पाचू डोळे मिचकावतात का ते बघा. सोमवारी मात्र जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.

आता गणित उलटं करा

छोट्या सैनिकाचं झालं. मोठ्याचं काय? पश्चिम दिल्लीत टागोर गार्डनजवळ तितारपूर म्हणून भाग आहे. दसऱ्याच्या आधी तिथे रस्त्याच्या कडेला रावणच रावण! बांबूच्या कामट्या, त्यावर कागद, त्यावर रंग. समजा, त्यातला एक 15 मीटर उंचीचा रावण मैदानात उभा राहिला आणि तुम्ही 100 मीटरवर गर्दीत उभे आहात.

डोळा तोच, नियम तोच. अर्ध्या मीटरवर 0.15 मिलिमीटर, तर 100 मीटरवर? 200 पट, म्हणजे तीन सेंटिमीटर. रावणाच्या मिशीची रेघ त्याहून बारीक काढली तर ती गर्दीला नीट दिसणारच नाही. म्हणून ते कारागीर मिशी हातभर जाड काढतात, डोळ्यांभोवती काळं कडं भरतात आणि रंगांचे मोठे पट्टे देतात. नाजूक काम त्यांनाही येतं, पण ते वाया जाईल हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तर तुमच्यासाठी गृहपाठ. रावणाला हिरवं चिलखत घालायचं आहे आणि पत्र्यांच्या कडा 100 मीटरवरूनही उठून दिसायला हव्यात. पिवळसर हिरवी रेघ किमान किती रुंद काढाल? आणि कागदावर वॉश दिला, तर खाचेत धावणारं पाणी इथे तुमचं काम करेल का, की तुम्हालाच शिडीवर चढावं लागेल? उत्तर लिहिताना एवढंच लक्षात ठेवा: रावण कितीही मोठा केला, तरी थेंब आहे तेवढाच राहणार.